मोठ्या व्हीलने ग्रिप वाढते? टोयोटा जीटी८६ बाबत खुलासा

"ट्रॅकवर न्यायची तर जीटी८६ला १८ इंची व्हील लावा, ग्रिप आपोआप वाढते," असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो बरोबर नाही. ग्रिप ठरते ती मुख्यतः टायरच्या रबराच्या मिश्रणावर, मग रुंदीवर आणि हवेच्या दाबावर. रिमचा व्यास वाढला म्हणून रस्त्याला जास्त रबर टेकत नाही.

या गाडीचा मूळ टायर २१५/४५ आर१७ (२१५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के, १७ इंची रिमसाठी), व्यास साधारण ६२५ मिमी. २२५/४० आर१८ लावला की तो ६३७ होतो. म्हणजे गिअरिंग जवळजवळ २ टक्के लांबतं (चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, पण ओढ कमी पडते) आणि वळणातून बाहेर पडताना गाडी तेवढी सुस्त वाटते. ताकद आधीच बेताची, त्यात हे! शिवाय त्याच बनावटीचं १८ इंची रिम बहुधा जड असतं, आणि टायरही महाग.

१७ इंचावरच राहून ९ इंच रुंद रिमवर २४५/४० आर१७ बसवला तर व्यास ६२८ मिमी, मूळच्या जवळ. ट्रॅकसाठी हा पर्याय जास्त शहाणपणाचा. मात्र ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) तपासा. मूळ +४८ मिमी आहे, आणि रुंद रिम आत स्ट्रटला (सस्पेन्शनचा दांडा) किंवा बाहेर फेंडरला (चाकावरचा पत्रा) घासू शकतं. पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचं माप) ५×१००, म्हणजे १०० मिमी वर्तुळावर ५ बोल्ट; रिमच्या मधलं, हबवर बसणारं भोक ५६.१ मिमी. नव्या रिमचं भोक त्याहून मोठं असेल तर फट भरायला योग्य मापाची रिंग घाला.

फोटोत १८ इंची छान दिसतात, हे मान्य.