राजापूरचा खासदार लालबागेत ठरायचा

"कोकण आधी समाजवादी होतं, मग शिवसेनेचं झालं, आता भाजपचं," असं टीव्हीवर कुणी सांगू लागलं की मला आमची आजी आठवते. समाजवाद म्हणजे काय हे तिला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही, पण मत मात्र तिने वर्षानुवर्षं समाजवादी मधु दंडवत्यांना दिलं.

आजोबा गिरणीत. लालबागला गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांबरोबर वळकटी. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपापुरती बोटभर जागा असायची. १९८० च्या निवडणुकीआधी आलेल्या मनीऑर्डरीवरचा निरोप मीच वाचून दाखवला होता: 'गाय विकू नये. मत दंडवतेंस.' गाय विकली गेली, ती वेगळी गोष्ट.

आता हिशेब मांडा. बॅ. नाथ पै वेंगुर्ल्याचे, घरचे. राजापूर लोकसभा मतदारसंघातून १९५७, ६२, ६७ असे तीनदा निवडून आले. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले आणि दोनच महिन्यांत मधु दंडवते उभे राहिले. हा माणूस जन्माने अहमदनगरचा, पेशाने मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. ना मालवणी बोली, ना भावकी. आणि तेही इंदिरालाटेत! तरी जिंकले. नाथ पैंची पुण्याई होतीच, नाही कोण म्हणतो? पण माझ्या मते त्याहून मोठं कारण हे की मुंबईतला चाकरमानी त्यांना ओळखत होता, आणि घरात शब्द पैसे पाठवणाऱ्याचा चालायचा. झोपडी गेली, नांगरधारी शेतकरी आला, मग चक्र आलं. निशाणी बदलत गेली, माणूस १९८९ पर्यंत सलग पाच वेळा तोच. १९८४ ला काँग्रेसने महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा मारल्या, तेव्हाही राजापूर हललं नाही.

रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोम बसवला. गंमत अशी की तेव्हा आमच्याकडे रेल्वेच नव्हती. आजोबा एसटीनेच यायचे, कंबर धरून.

गिरण्यांचा संप १९८२ चा. माझं म्हणणं एवढंच, की राजापूरचं राजकारण त्या संपाने बदललं, फक्त त्याचा आवाज इथे उशिरा ऐकू आला. बाप गिरणीतून घरी बसला आणि मुलगा शिवसेनेच्या शाखेत जाऊ लागला. निरोप मुंबईहूनच येत राहिला, पाठवणारा हात बदलला. १९९० ला मालवणातून शिवसेनेचे आमदार झालेले नारायण राणेही चेंबूरचे नगरसेवक होते, हे विसरू नका. १९९१ ला दंडवते पडले, काँग्रेसचे सुधीर सावंत आले. ती एकच टर्म मला मधला थांबा वाटते. १९९६ पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. ज्या कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी आयुष्य घासलं, ती १९९८ ला पूर्ण सुरू झाली तेव्हा खासदार दुसराच होता. याची खंत बोलून दाखवणारा आमच्या वाडीत मला एकही भेटला नाही. हे मला अजून बोचतं.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. राजापूर हे नावच पुनर्रचनेत गेलं, चिपळूण-रत्नागिरी जोडून रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला. २००९ ला निलेश राणे, मग दोनदा विनायक राऊत, २०२४ ला भाजपकडून स्वतः नारायण राणे. भांडण राणे विरुद्ध शिवसेना एवढंच उरलं.

गेल्या खेपेला मतदान ७ मे रोजी होतं. आदल्या रात्री नालासोपाऱ्याहून आलेली गाडी आमच्या पाणंदीच्या तोंडाशी उभी राहिली. चुलत्याची दोन्ही पोरं उतरली, एक एका सेनेचा, दुसरा दुसरीचा. काकी पडवीत बसली होती. सवयीने तिने विचारलं, "मत खयं घालूचा?" दोघांनी एकदमच उत्तर दिलं, वेगवेगळं. काकी उठून चहा ठेवायला आत गेली.