बघितलेला गेम खेळलेला नसतो

दिवाळीच्या सुट्टीत भाचा चार दिवस राहायला आला होता. नववीत आहे. मी उत्साहाने म्हटलं, "चल, आज तुला जर्नी गेम लावून देते." मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "आत्या, झालाय तो. यूट्यूबवर पूर्ण बघितलाय." मग मी एकेक नाव काढत गेले. द लास्ट ऑफ अस? बघितलाय. गॉड ऑफ वॉर? बघितलाय. शॅडो ऑफ द कोलोसस? तोही बघितलाय, शेवटचा भाग तर ट्रेनमध्ये, दीडपट वेगाने. पोरगा थापा मारत नव्हता. गोष्ट, पात्रं, शेवट, सगळं त्याला पाठ होतं. पण त्याच्या हाताला यातलं काहीच माहीत नव्हतं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. आज रविवार आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझं सांगते. आम्ही करी रोडला चाळीत राहायचो. नाक्यावर व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. अंधारी खोली, चार मशिनं, एकावर कायम मुस्तफा. कॅपकॉमच्या १९९३च्या त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. ते कुणी घेत नसे. पिवळी टोपीवाला मुस्तफा सगळ्यांचा लाडका, म्हणून अख्खा गेमच मुस्तफा. दादा तिथे पडीक असायचा. मुली आत जात नसत. तसा नियम कुणी केला नव्हता, पण जात नसत. दादाला जेवायला बोलवायच्या निमित्ताने मी उंबरठ्यावर उभी राहायचे आणि पोरांच्या खांद्यांवरून जेवढा दिसेल तेवढा पडदा बघायचे. दोन वर्षं बघितला. कुठलं पिंप फोडलं की खायला मिळतं, डायनोसॉर कधी चवताळतो, सगळं मला माहीत होतं. दादाला घरी जाऊन चुका सांगायचे.

१९९६च्या मे महिन्यात, मी अकरा वर्षांची असताना, एका दुपारी पार्लर रिकामं दिसलं. दळणातून उरलेला रुपया हातात होता. पार्लरवाल्या काकांनी काही न बोलता मशीनकडे बोट केलं. मी नाणं टाकलं. जॉयस्टिक किती कडक होती! एक बटण आत रुतलेलं, ते अंगठ्याने दाबावं लागायचं. पहिल्या बॉसपर्यंत, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या मोठ्या शत्रूपर्यंतसुद्धा पोचले नाही. दोन वर्षांचं ज्ञान पाच मिनिटांत संपलं, आणि तरी मी घरी धावत गेले ती आनंदाने. तळहात लाल झाला होता. संध्याकाळपर्यंत मी तो धुतला नाही.

म्हणून 'प्रत्येकाने एकदा तरी खेळलेच पाहिजेत' अशा याद्या वाचते तेव्हा माझी कसोटी एकच असते: दुसऱ्याला खेळताना बघितलं, तर त्या गेममधलं किती हाताला लागतं? जितकं कमी लागेल, तितका तो गेम माझ्या यादीत वर. या कसोटीवर द लास्ट ऑफ अस खाली जातो. मला तो फार आवडतो. पण त्याच्यावर २०२३ मध्ये मालिका आली आणि छान झाली, म्हणजे त्यातला मोठा भाग बघूनही पोचतो. तो वाईट ठरत नाही. फक्त माझ्या या यादीत नाही.

टेट्रिस मात्र सगळ्यात वर. अलेक्सेई पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तो बनवला. ज्या मशीनवर बनवला त्यावर चित्रं उमटत नसत, म्हणून चौकोन कंसाच्या चिन्हांनी काढले. चार चौकोनांचे सात आकार, बस. बघणाऱ्याला त्यात काय दिसणार? पण एकदा खेळा आणि डोळे मिटून झोपायला जा. पापण्यांच्या आत ठोकळे पडत राहतात. मारिओचंही तसंच. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्सची पहिली लेव्हल आमच्या पिढीने भाड्याने आणलेल्या टीव्ही गेमवर, चाळभर वर्गणी काढून खेळली. त्यात एकही सूचना लिहिलेली नाही. समोरून तपकिरी प्राणी येतो, आपण आपटतो आणि मरतो, पुढच्या वेळी उडी मारतो. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून मश्रूम निघतो, पाइपला धडकून उलटा आपल्याचकडे येतो, आणि चुकवता चुकवता आपण तो खाऊन बसतो. मारिओ बनवणारे शिगेरु मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्द न वापरता इतकं शिकवलं. इंग्रजी न येणाऱ्या चाळीतल्या पोरांना ते आपसूक समजलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता गेम बनवणारे जपानी दिग्दर्शक फुमितो उएदा यांच्याबद्दल. २००१च्या इको या गेममध्ये एक मुलगा एका मुलीला किल्ल्यातून बाहेर काढतो. तिचा हात धरायचा तर एक बटण दाबून धरून ठेवावं लागतं. सोडलं की हात सुटला. तासन्‌तास ते बटण दाबून तुमचं बोट दुखायला लागतं, आणि कुणाचा तरी हात धरल्यासारखंच दुखतं. शॅडो ऑफ द कोलोसस हा त्यांचाच, २००५चा. ओसाड प्रदेशात सोळा महाकाय प्राणी, दुसरा शत्रूच नाही. त्यांच्या अंगावरच्या केसांना लटकून वर चढायचं, तेही बटण दाबून धरूनच. प्राणी अंग झाडतो, पकड संपत येते, आपलं बोट पांढरं पडतं. मग तलवार घुसते, तो जीव हळूहळू कोसळतो, आणि तो आपल्या वाटेला गेलाच नव्हता हे लक्षात येतं. व्हिडिओत तो कुणीतरी मारलेला असतो. इथे मी मारला. भाच्याने हे दीडपट वेगाने बघितलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स, २०१३, जोसेफ फारेस यांचा. दोन भाऊ आजारी वडिलांसाठी औषध आणायला निघतात. डाव्या अंगठ्याने मोठा भाऊ चालवायचा, उजव्याने धाकटा. दोघंही एकाच वेळी. पहिला अर्धा तास नुसता गोंधळ. मोठा झाडावर आपटतो, धाकटा भलतीकडेच जातो. मग हळूहळू दोन्ही हात दोन माणसं होतात. शेवटाकडे एका जागी तुमच्या हाताला काहीतरी समजतं, डोळ्यांच्या आणि डोक्याच्या आधी. ते काय, हे मी लिहिणार नाही. कमेंटमध्येही कृपया कुणी लिहू नका. तीन-चार तासांचा गेम आहे. मी दादाची धाकटी बहीण आहे, मला तो संपल्यावर बराच वेळ उठता आलं नाही.

पेपर्स, प्लीजबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण तो माझ्या पोटात गेलेला गेम आहे.

मी एका बँकेत काउंटरला बसते. लुकास पोप यांनी २०१३ मध्ये जवळजवळ एकट्याने बनवलेला हा गेमही खिडकीमागचाच. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२. तुम्ही सीमेवरच्या चौकीत कागद तपासणारे. रांगेतला माणूस येतो, पासपोर्ट सरकवतो, तुम्ही नाव, तारीख, फोटो, शिक्का जुळवता. हिरवा शिक्का म्हणजे आत, लाल म्हणजे परत. जितकी माणसं तपासाल तितका पगार. रात्री त्यातून भाडं, जेवण आणि शेगडीचा खर्च. घरात बायको, मुलगा, सासू, मामा. चुकलात तर यंत्रातून मेमोचा कागद बाहेर येतो, आणि दिवसातल्या दोन ताकिदींनंतर पगार कापला जातो.

एके दिवशी एक नवरा येतो. त्याचे कागद बरोबर असतात. जाताना म्हणतो, माझ्यामागे बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नसतो. परत पाठवलं तर मारतील, म्हणते. मागे रांग, घड्याळ पळतंय, घरी मुलगा आजारी. मी माउस हातात धरून बसून राहिले. माझ्या डोळ्यांसमोर वेगळीच बाई उभी होती. कसाऱ्याकडून आली होती, नवरा गेलेला, त्याच्या खात्यात थोडी रक्कम. वारस म्हणून तिचं माहेरचं नाव लागलेलं आणि आधारवर सासरचं. आपल्याकडे बऱ्याच घरांत लग्नात बाईचं पहिलं नावसुद्धा बदलतात, मग कागदावर ती दोन माणसं होते. मी नियमाप्रमाणे सांगितलं, लग्नाचा दाखला नाहीतर गॅझेट आणा. मागे वीस माणसं होती. तिने कागद पिशवीत भरले, पदराने तोंड पुसलं आणि गेली. दोन आठवड्यांनी कागद घेऊन आली, तिचं काम झालं. पण त्या दिवशी मी तिला दोन मिनिटं खुर्चीत बसवून काय काय लागेल ते एका चिठ्ठीवर लिहून देऊ शकले असते. दिलं नाही. गेममधल्या बाईला मी हिरवा शिक्का मारला, मेमो आला. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना सोबत कोऱ्या चिठ्ठ्यांचं पॅड नेलं. ते अजून माझ्या काउंटरवर असतं.

हा गेम बघून काय मिळेल? दुसऱ्याची रांग. तो आता मोबाइलवरही मिळतो, त्यामुळे कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र, नाही ही सबब चालणार नाही.

याच्याच जातीचा दिस वॉर ऑफ माइन, पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा, २०१४. बोस्नियाच्या युद्धातल्या सारायेवो शहराच्या वेढ्यावरून सुचलेला. युद्धाच्या गेममध्ये आपण नेहमी बंदूकवाले असतो, इथे आपण पडक्या घरात लपलेली साधी माणसं. औषध हवं असेल तर म्हाताऱ्या जोडप्याच्या घरातून चोरावं लागतं, आणि चोरून आणणारा माणूस मग आतून खचतो. २०२० मध्ये पोलंड सरकारने हा गेम शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनाच्या यादीत घेतला. आपल्याकडे अकरावी-बारावीला असं काही ठेवायचं कुणी मनावर घेतलं, तर मी स्वतः शाळेत जाऊन शिकवायला मदत करीन.

आपल्याकडे 'मी गेम खेळते' म्हटलं की समोरचा विचारतो, रमी का? २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हा ऑफिसात दोघींनी मला विचारलं, आता तुझं कसं होणार? दोन्ही गोष्टींना एकच शब्द पडलाय, याचा मला त्रास होतो.

वेन्बा जरूर खेळा, विशेषतः स्वयंपाक करणाऱ्यांनी. कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब, २०२३चा छोटा गेम, दोनेक तासांचा. आईच्या पाककृतींची वही फाटलेली, अक्षरं पुसलेली. इडलीपात्रातल्या प्लेटा कशा रचायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत पोचेल, हे आपणच ताडायचं. माझ्या आईची वही तशीच आहे, हळदीच्या डागांची, आणि मापं सगळी 'अंदाजे'. हा गेम खेळताना मला सारखं वाटत होतं, उकडीच्या मोदकाच्या पाऱ्या कुणीतरी असाच गेममध्ये घालायला हव्यात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२०चा, त्यातली राजवाड्यांची चित्रं बघून ऊर भरून येतो. मारामाऱ्या मात्र तोच तोपणाच्या आहेत आणि शेवट घाईत आटपलाय. तरी खेळा. आपल्या मातीतला आहे.

रेड डेड रिडेम्प्शन २ वगैरे लांबलचक, मोठ्या गेमबद्दल विचाराल, तर मी तो घोड्यावर रमतगमत सात महिने खेळले. पण रोज तीन तास लोकलमध्ये घालवणाऱ्या माणसाला 'हा खेळलाच पाहिजे' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जमलं तर खेळा.

राहिला जर्नी. २०१२चा, दोन तासांचा. वाळवंट, लांब झगा घातलेलं एक पात्र, दूर एक डोंगर. वाटेत दुसरं कुणीतरी भेटतं. ते जगात कुठेतरी बसलेलं खरं माणूस असतं. नाव दिसत नाही, बोलता येत नाही, फक्त एक सूर काढता येतो. जवळ आलं की दोघांचं बळ वाढतं.

भाच्याला मी शेवटच्या रात्री बळंच बसवलं. "आत्या, मला माहितीये पुढे काय होतं," म्हणत सुरू केला. वाळूत त्याला कुणीतरी भेटलं. थोड्या वेळाने खोलीत फक्त सुरांचे आवाज येत होते, इकडून एक, तिकडून एक. बर्फात ते दुसरं पात्र मागे पडलं, तर हा वळून परत गेला, वाऱ्याच्या विरुद्ध, पावलापावलाने. मी स्वयंपाकघरातून बघत होते, काही बोलले नाही. संपल्यावर वाटेत भेटलेल्यांची नावं पडद्यावर येतात. एकच नाव आलं. त्याने मोबाइल उचलून त्याचा फोटो काढला.

"व्हिडिओत इथे वेगळंच नाव होतं," म्हणाला.