जीटी-आरचा वेग नेमका येतो कुठून?

निसान जीटी-आरच्या आर३५ पिढीबद्दल एक दावा वारंवार वाचायला मिळतो: ही गाडी मुळात वेगवान नाही; पावणेदोन टनांचे ते धूड संगणक पळवतो, ताकद टर्बोची (एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राची) असते आणि ड्रायव्हरने फक्त पेडल दाबायचे असते.

आधी संगणकाचे पाहू. टायर आणि रस्ता यांच्यातील पकड संगणक वाटून देऊ शकतो, निर्माण करू शकत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? ती पकड येते गाडीच्या मांडणीतून. इंजिन पुढे असले तरी गिअरबॉक्स आणि दोन्ही क्लच मागच्या आसापाशी बसवलेले आहेत. एक शाफ्ट इंजिनाची शक्ती मागे नेतो आणि दुसरा, त्याच्या शेजारून, तिच्यातील काही वाटा पुढच्या चाकांकडे परत आणतो. गाडी सुटताना भार मागे सरकतो, तिथे २८५ मिलिमीटर रुंदीचे टायर तो पेलतात, आणि तरीही गरज पडली तर निम्म्यापर्यंत टॉर्क (चाके फिरवणारा जोर) पुढे जातो. ही सगळी लोखंडी व्यवस्था आधी होती, म्हणूनच संगणकाला वाटायला काही मिळाले.

टर्बो काढले तर गाडी मंदावेल, हे खरेच आहे; पण ३.८ लिटरचे हे व्ही६ इंजिन त्यांच्यासाठीच आखलेले आहे. टर्बोतील वायूंनी फिरणाऱ्या चक्राचे, म्हणजे टर्बाइनचे, घर एक्झॉस्ट मॅनिफोल्डशी (जळलेले वायू इंजिनाबाहेर नेणाऱ्या नळ्यांशी) एकजीव असल्यामुळे वायूंचा प्रवास आखूड होतो आणि प्रतिसाद लवकर मिळतो. सिलिंडरमध्ये जाड लोखंडी लायनरऐवजी (आतल्या अस्तराऐवजी) प्लाझ्मा फवारणीचा, म्हणजे अतितप्त वायूने फवारलेल्या धातूचा, पातळ थर असल्याने वजन घटते आणि उष्णता बाहेर पडणे सोपे जाते. (इंजिनावरची, ते जोडणाऱ्या कारागिराच्या नावाची पट्टी सुंदर दिसते, पण तिने वेग वाढत नाही.)

वजनाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. या गाडीचे मुख्य अभियंता काझुतोशी मिझुनो यांनी हे वजन टायर दाबून धरण्यासाठी उपयोगी असल्याचे मांडले होते. मला ते पूर्ण पटत नाही, कारण भार वाढतो त्या प्रमाणात टायरची पकड वाढत नाही आणि वळणावर व ब्रेक लावताना जास्तीच्या वजनाची किंमत मोजावीच लागते. वजन न वाढवता चाके दाबण्याचे काम हवेचा खालच्या दिशेचा दाब करतो, आणि त्यासाठी गाडीचा आकार व तळ बारकाईने घडवलेले आहेत.

राहिला ड्रायव्हर. २००८ साली निसानसाठी गाडी चालवणाऱ्या तोशिओ सुझुकी यांनी जर्मनीतील नूरबर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटे २९ सेकंदांत पूर्ण केली. प्रतिस्पर्धी कंपनी पोर्शेने स्वतः जीटी-आर मिळवून तिथेच चालवली, तेव्हा त्यांना ७ मिनिटे ५४ सेकंद लागले. निसानने नेहमीचे टायर वापरले नसावेत, असा पोर्शेचा संशय होता आणि निसानने उत्तरादाखल ड्रायव्हिंगचे धडे देऊ केले. म्हणजे २५ सेकंदांचा तो सारा वाद टायर आणि ड्रायव्हर यांच्याभोवतीच फिरला.