तिळगूळ घ्या आणि आजारी पडू नका

१५ जानेवारी २०२६ च्या गुरुवारी रात्री अमेरिकेतल्या आरोग्यविम्याच्या सरकारी बाजाराचं, म्हणजे कंपनीचा विमा नसलेले जिथून विमा घेतात त्या वेबसाइटचं, दार यंदापुरतं बंद झालं. शनिवारी आमच्याकडे, म्हणजे डॅलसच्या जरा वर, एका शाळेच्या हॉलमध्ये संक्रांत होती. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, बोरन्हाणात गोळ्या वेचण्यापेक्षा रडण्यात रस असलेली बाळं. तिथे एका हितचिंतकांनी माझ्या तळहातावर तिळगूळ ठेवत विचारलं, "काय रे, चेहरा का उतरलाय?"

मी खरं सांगून बसलो. गेल्या वर्षी आम्हा दोघांच्या विम्याचा हप्ता महिना ६८७ डॉलर होता, सरकारी सबसिडी संपल्याने तोच प्लॅन यंदा २,४७१ झाला. डिसेंबरात तो सोडून १,८३८ चा ब्राँझ, म्हणजे कमी भरपाईचा प्लॅन, घेतला, ज्यात पहिले साडेसात हजार डॉलर (डिडक्टिबल) माणशी आमचे आम्हीच भरायचे.

ते हसले. "अरे, एवढं काय त्यात? इंडियात जाऊन करून यायचं सगळं. आणि सबसिडी म्हणजे शेवटी फुकटच होतं ना रे? कधीतरी संपणारच."

गोड बोलायचा दिवस होता, म्हणून गोड बोललो. घरी येईपर्यंत मात्र पटलं की असे सल्ले फक्त मलाच मिळावेत हा इतरांवर अन्याय आहे. लेऑफ झालेले, स्वतःचा धंदा करणारे, तीन ठिकाणी अर्धवेळ राबूनही कुठेच विमा न मिळणारे असे आपले पुष्कळ लोक या देशात आहेत. त्यांच्यासाठी लिहितो.

सगळ्यात आधी वय नीट निवडा. साठ-एकसष्ट हे अत्यंत गैरसोयीचं वय आहे. तरुण पोराला जो हप्ता लागतो त्याच्या तिप्पट हप्ता वयस्काला लावायची कायद्यानेच मुभा आहे, आणि पासष्ट झालं की मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, मिळतं. तेव्हा एकतर एकवीसचे राहा, नाहीतर एकदम पासष्टचे व्हा. आम्ही मध्येच रेंगाळलो, ही आमची चूक.

प्लॅनना इथे धातूंची नावं असतात. त्यांत ब्राँझच घ्या. ब्राँझमध्ये साधारण साठ टक्के भार विमा उचलतो असं छापलेलं असतं, सिल्व्हरमध्ये सत्तर, गोल्डमध्ये ऐंशी. हे साठ टक्के सगळ्या देशाच्या सरासरीने काढलेले असतात. तुमच्या घरी सरासरी येत नाही, बिल येतं.

दात असतील तर ते पुण्यात ठेवा.

आता उत्पन्न. इथे जरा बारकाईने लक्ष द्या, कारण आपल्या लोकांना कमावायची वाईट खोड असते. २०२१ पासून गेल्या डिसेंबरपर्यंत वाढीव सबसिडी होती. तुम्ही कितीही कमवा, ठरलेल्या सिल्व्हर प्लॅनचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर जायचा नाही, वरचं सरकार भरायचं. ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली आणि जुना कडा परत आला. दोघांच्या कुटुंबाला यंदाची मर्यादा ८४,६०० डॉलर. तिथपर्यंत उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत भागतं, म्हणजे महिना सातशेच्या आसपास. वर एक डॉलर गेला की सबसिडी शून्य. आमच्या वयाला आणि आमच्या गावाला तो एक डॉलर वर्षाला एकवीस हजारांना पडतो. इतका महाग डॉलर मी एच-वनवर आलो तेव्हाही पाहिला नव्हता.

मग गरीबच व्हावं म्हणाल, तर तेही बेतानं. टेक्ससने मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी विमा, सगळ्या गरिबांपर्यंत वाढवलं नाही. त्यामुळे दोघांचं उत्पन्न २१,१५० च्या खाली गेलं की सबसिडीही नाही आणि आमच्यासारख्या धडधाकट दिसणाऱ्यांना मेडिकेडही नाही. म्हणजे फार गरीब असून चालत नाही, जरा बरे असून तर मुळीच चालत नाही. जानेवारीत बसून डिसेंबरपर्यंतची कमाई डॉलरवर सांगायची. अंदाज चुकला आणि सबसिडी जास्त घेतली गेली, तर पूर्वी कमी उत्पन्नवाल्यांसाठी परतफेडीला काही मर्यादा होती. गेल्या वर्षी ४ जुलैला सही झालेल्या ट्रम्प यांच्या त्या 'मोठ्या सुंदर' कायद्याने तीही काढली. २०२६ पासून पै न् पै वसूल.

आमचे दोघांचे मिळून ९७ हजार होतात. माझे कन्सल्टिंगचे ६१, हिचे ३६. आमचा सीपीए (इथला सीए) म्हणाला, "सोपं आहे, तेरा हजार रिटायरमेंट अकाउंटमध्ये टाका, उत्पन्न खाली येईल." मुलीच्या कॉलेजचं कर्ज फेडतोय, घराचा प्रॉपर्टी टॅक्स भरतोय, त्यातून तेरा हजार बाजूला काढता आले असते तर सीपीएच्या तोंडाकडे बघत कशाला बसलो असतो? मग त्याने थोडं थांबून दुसरा उपाय सांगितला. एकट्या माणसाची मर्यादा ६२,६०० आहे. माझे ६१, हिचे ३६. दोन वेगळी माणसं म्हणून दोघंही मर्यादेच्या आत. म्हणजे घटस्फोट.

मी हे हिला सांगितलं. चौतीस वर्षांचा संसार. ही भाजी चिरत होती. म्हणाली, "सही कुठे करायची?"

हेल्पलाइनला फोन करणार असाल तर वरणभाताचा कुकर आधी लावा.

आता शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला: धीर धरा. राजकारण्यांवर विश्वास ठेवा. आरोग्यविम्यात सुधारणा होणार आहे, आणि ती होणारच आहे, कारण ती पंधरा वर्षं होते आहे. ओबामांनी मार्च २०१० मध्ये या बाजाराच्या कायद्यावर सही केली. ऑक्टोबर २०१३ मध्ये बाजार उघडला आणि पहिल्याच दिवशी वेबसाइट आडवी झाली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात कायदा रद्द होता होता वाचला, २०१५ मध्ये पुन्हा वाचला, २०२१ मध्ये तिसऱ्यांदा वाचला. २०१७ च्या जुलैत मध्यरात्रीनंतर रिपब्लिकन मॅकेन यांनी सिनेटमध्ये तो रद्द करायच्या बिलाला अंगठा खाली केला म्हणून वाचला. त्याच वर्षी ऑक्टोबरात ट्रम्प सरकारने विमा कंपन्यांना जाणारा एक सरकारी पैसा बंद केला, तर कंपन्यांनी तो सिल्व्हरच्या हप्त्यात चढवला. डिसेंबरात विमा न घेण्याचा दंड शून्य केला. कायदा रद्द करून त्याजागी काय आणणार, असं २०२४ च्या डिबेटमध्ये विचारलं तेव्हा ट्रम्प म्हणाले, योजनेच्या संकल्पना आहेत. संकल्पना! आमच्या विमा कंपनीला मी जानेवारीचा हप्ता संकल्पनेत देऊ का?

आणि गेल्या वर्षी तर कमाल. १ ऑक्टोबरला याच सबसिडीवरून सरकारचं शटर पडलं (खर्चाची मंजुरी अडली, कामकाज बंद) ते ४३ दिवस. इतकं लांब आधी कधीच नव्हतं. त्या ४३ दिवसांतच, १ नोव्हेंबरला, बाजार उघडला. म्हणजे दुकान उघडं, मालावर किमतीचं लेबल लागलेलं, आणि गल्ल्यावरचा माणूस सांगतोय की ही किंमत खरी आहे का ते वॉशिंग्टनला ठरतंय, पण तुम्ही आत्ता घेऊन टाका, १५ डिसेंबरनंतर घेतलंत तर १ जानेवारीपासून विमा नाही. शटर उघडलं तेव्हा हाती काय आलं? सबसिडीवर मतदान घेऊ, एवढं आश्वासन. ११ डिसेंबरला सिनेटमध्ये मतदान झालं. डेमोक्रॅट्सची तीन वर्षांची मुदतवाढ पडली. रिपब्लिकनांची योजनाही पडली, तीही सांगतो: ब्राँझ घेणाऱ्याच्या हेल्थ अकाउंटमध्ये वर्षाला हजार डॉलर, पन्नाशीच्या पुढे दीड हजार. पैसे कंपन्यांना न देता थेट लोकांच्या हातात! ऐकायला किती छान. एकवीस हजारांचा खड्डा आणि दोघांचे मिळून तीन हजार. चार दिवसांनी आमची मुदत होती. मी ब्राँझवर क्लिक केलं.

मग ८ जानेवारीला खालच्या सभागृहाने तीन वर्षांची मुदतवाढ मंजूर केली. काही रिपब्लिकनांनी स्वतःच्या नेत्यांना डावलून मतं दिली. मी वेड्यासारखा खूश झालो. प्लॅन बदलायला अजून सात दिवस होते. रोज सकाळी चहाच्या आधी बातम्या, मग लॉगिन, मग पुन्हा बातम्या. हिने विचारलं, "भाव बघतोयस का शेअरचे?" सिनेटमध्ये काही हललं नाही. गुरुवार आला आणि गेला. सिल्व्हरच्या पानावर दुरुस्त न झालेला तोच आकडा होता, २,४७१.

यातलं मला काय झोंबतं ते सांगतो, आणि आता सल्ले बिल्ले पुरे. हप्ता वाढतो, मान्य. औषधं महाग आहेत, हॉस्पिटलं महाग आहेत, सबसिडी देऊन ती स्वस्त होत नाहीत आणि कंपन्यांचं मात्र बरं चालतं, हेही मला कळतं. वाद घाला. पण मला सप्टेंबरात सांगा. सप्टेंबरात सांगितलं असतं की बाबा रे, सबसिडी गेली, तर मी हिच्यासाठी विमा देणारी नोकरी शोधली असती, गुडघ्याचं ऑपरेशन डिसेंबरच्या आत उरकलं असतं, जुन्या प्लॅनचं डिडक्टिबल भरूनच झालं होतं. ते नाही केलं, कारण रोज कुणीतरी टीव्हीवर सांगत होतं की तोडगा निघतोय. २०२५ मध्ये दोन कोटींहून जास्त माणसांचा विमा या बाजारातून होता. त्यांचं अख्खं वर्ष तुम्ही सौद्यात लावलं. आणि लावणारे कोण? हे खासदारही याच कायद्याखाली बाजारातूनच विमा घेतात, वॉशिंग्टनच्या छोट्या उद्योगांच्या बाजारातून. फरक एवढाच की त्यांच्या हप्त्याचा मोठा वाटा मालक म्हणून सरकार भरतं. त्याला कुणी सबसिडी म्हणत नाही. तो ३१ डिसेंबरला संपतही नाही.

राहता राहिले आपले संक्रांतीचे हितचिंतक, आणि त्यांच्यासारखे तुम्ही. होय, तुम्ही. कंपनीचा विमा आहे, महिना चारशे पगारातून कापले जातात, बाकीचं कंपनी भरते आणि त्यावर करही लागत नाही. हे तुम्हाला फुकट वाटत नाही. तुम्ही ते कमावलंय. मीही कमावलं होतं, बावीस वर्षं, मग एका मंगळवारी पंधरा मिनिटांच्या कॉलवर संपलं. त्यानंतर कोब्राचा, म्हणजे तोच विमा पूर्ण हप्ता स्वतः भरून चालू ठेवायचा, आकडा आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की कंपनी किती भरत होती. २०१३ मध्ये ती वेबसाइट पडली तेव्हा आमच्या ब्रेकरूममध्ये सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच होतो, हेही लिहून ठेवतो.

आणि तुमचे आई-बाबा? ग्रीन कार्डावर येऊन तीन वर्षं झालेले? मेडिकेअरला पाच वर्षं लागतात, तोवर त्यांना विमा कुठून घेतलात? याच बाजारातून. त्यांचं इथलं उत्पन्न जवळजवळ नाहीच, म्हणून जवळजवळ शून्य हप्त्यात. तेव्हा तुम्ही तो फॉर्म माझ्याकडूनच भरून घेतला होता आणि वर "सिस्टीम चांगली आहे हं" म्हणाला होतात. दारिद्र्यरेषेखाली उत्पन्न दाखवणाऱ्या, इमिग्रेशनमुळे मेडिकेड न मिळणाऱ्या अशा लोकांची सबसिडी १ जानेवारीपासून बंद झाली आहे. त्याच सुंदर कायद्याने. तुम्हाला पत्र आलं असेल. उघडलं नसेल.

सिटिझन होऊन तुम्हाला अकरा वर्षं झाली. मतदान किती वेळा केलंत? मंडळाच्या अध्यक्षपदाचं धरू नका. सिनेटरच्या ऑफिसला फोन करायला दोन मिनिटं लागतात. मी डिसेंबरात केला, उचलणारी मुलगी बिचारी सभ्य होती, झिपकोड विचारून घेतला. तुम्ही कधी केलात? नाही. तुम्ही फक्त विचारता, "इंडियात का नाही करून घेत?"

गुडघा घेईन करून. दात घेईन. पण मला स्टेंट आहे, तुम्ही डबा घेऊन हॉस्पिटलात आला होतात २०१९ मध्ये, विसरलात? पुन्हा रात्री दोनला छातीत कळ आली, तर विमानाचं तिकीट काढू का पुण्याचं?