एअरीने अ‍ॅडम्सचे पत्र खणात टाकले नव्हते

नेपच्यूनच्या शोधाबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्याचा सारांश असा: जॉन काउच अ‍ॅडम्स या केंब्रिजच्या तरुणाने १८४५ मध्ये नव्या ग्रहाची जागा गणिताने काढली. ती त्याने ग्रीनिच वेधशाळेचा प्रमुख जॉर्ज एअरी याला कळवली. एअरीने उत्तर दिले नाही, कागद खणात टाकला. अ‍ॅडम्स दारात गेला तर ‘साहेब जेवताहेत’ म्हणून परत पाठवला. मग फ्रान्सच्या ल व्हेरिएने ग्रह पटकावला.

यातल्या एअरीवरच्या आरोपांपैकी जेवणाची बाब तेवढी खरी आहे.

एअरी १८३५ ते १८८१ अ‍ॅस्ट्रॉनॉमर रॉयल होता, म्हणजे सरकारी नोकर. आलेला कागद तो फेकत नसे आणि पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवत असे. ही नक्कल हाताने उतरवायची नसे. नकलेच्या खास शाईत पत्र लिहायचे, त्यावर ओलसर पातळ कागद ठेवायचा आणि दोन्ही दाबयंत्रात आवळायचे. पातळ कागदावर अक्षरे उलटी उमटतात, ती मागच्या बाजूने सुलटी वाचता येतात. मग विषयवार गठ्ठे आणि त्यांची बांधणी. त्यामुळे कोणी कोणाला कधी लिहिले, हे नेपच्यूनच्या बाबतीत तारखेनिशी दाखवता येते.

‘भेट नाकारली.’ सप्टेंबर १८४५ च्या अखेरीस अ‍ॅडम्स पहिल्यांदा ग्रीनिचला गेला, तेव्हा एअरी फ्रान्सहून परतायचा होता. परतल्यावर २९ सप्टेंबरला त्यानेच केंब्रिज वेधशाळेचा प्रमुख जेम्स चॅलिस याला लिहिले की भेट चुकली, अ‍ॅडम्सने या विषयावर मला जरूर लिहावे. अ‍ॅडम्सने लिहिले नाही. २१ ऑक्टोबरला तो आगाऊ न कळवता पुन्हा गेला. त्या दिवशी पहिल्या खेपेला एअरी घरात नव्हता, दुसऱ्या खेपेला जेवायला बसला होता. अ‍ॅडम्स एक कागद ठेवून निघाला आणि तो कागद एअरीच्या हातात पोचला. भेट झाली नाही, पण निरोप अडला नाही.

‘उत्तर दिले नाही.’ सगळ्या गोष्टीचा कणा हाच आणि तो साफ चुकीचा आहे. एअरीने ५ नोव्हेंबर १८४५ ला, म्हणजे १५ दिवसांत, उत्तर लिहिले. त्यात एकच प्रश्न होता: तुमच्या नव्या ग्रहाने युरेनसच्या सूर्यापासूनच्या अंतरातली चूकही सुटते का?

हा प्रश्न म्हणजे टोलवाटोलवी, असे पुढे पुष्कळांनी लिहिले. तसे नव्हते. युरेनस (पंचांगातला हर्शल) फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बूव्हारच्या १८२१ च्या कोष्टकांप्रमाणे चालत नव्हता, म्हणून पलीकडचा एखादा ग्रह त्याला ओढत असावा असा तर्क होता. बहुतेकांचे लक्ष फक्त रेखांशाच्या चुकीकडे, म्हणजे ग्रह कक्षेत किती पुढे किंवा मागे आहे याकडे होते. अंतरातली चूक सहज दिसत नाही, कारण ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना पृथ्वी जवळजवळ सूर्य आणि ग्रह यांच्या रेषेतच असते. अंतर चुकले तरी दिशा फारशी बदलत नाही. ग्रह सूर्यापासून ९० अंशांवर असताना पृथ्वी त्या रेषेच्या बाजूला येते आणि अंतराची चूक दिशेत उतरते. एअरीने नेमके असेच वेध वापरून १८३० च्या दशकात दाखवले होते की कोष्टकातले अंतर कमी पडते, तेही पृथ्वी ते चंद्र एवढ्या अंतरापेक्षा जास्त. अ‍ॅडम्सच्या कागदावर काय होते? नव्या ग्रहाचे मध्यम अंतर ३८.४ (पृथ्वीचे १ धरून), १ ऑक्टोबर १८४५ चा मध्यम रेखांश ३२३ अंश ३४ कला, वस्तुमान, आणि रेखांशात उरलेल्या चुकांचा तक्ता. गणिताची रीत नव्हती, युरेनसच्या अंतरातल्या चुकीबद्दल अक्षर नव्हते. असा कागद आल्यावर विचारायचा पहिला प्रश्न हाच.

अ‍ॅडम्सने उत्तर पाठवले नाही. २००४ मध्ये कॉर्नवॉलमध्ये त्याच्या घराण्याच्या कागदांत १३ नोव्हेंबर १८४५ चा एक अर्धवट मसुदा सापडला: एअरीला उत्तर लिहायला घेतलेले, पण कधीच न गेलेले. पुढे १८ नोव्हेंबर १८४६ ला अ‍ॅडम्सने एअरीला लिहून या दिरंगाईबद्दल खेद व्यक्त केला. हाच प्रश्न एअरीने २६ जून १८४६ ला ल व्हेरिएला विचारला, तेव्हा त्याचे उत्तर २८ जूनचे आहे.

‘एअरी स्वस्थ बसला.’ फेब्रुवारी १८४४ मध्ये चॅलिसने अ‍ॅडम्ससाठी युरेनसचे वेध मागितले, ते एअरीने लगेच पाठवले. अ‍ॅडम्सचे गणित त्यांच्यावरच उभे आहे. ल व्हेरिएची जागा अ‍ॅडम्सच्या जागेशी सुमारे एका अंशात जुळते हे दिसल्यावर, ९ जुलै १८४६ ला एअरीने चॅलिसला केंब्रिजच्या पावणेबारा इंची नॉर्थम्बरलँड दुर्बिणीने शोध घ्यायला सांगितले. ग्रीनिचला या कामाला पुरेल एवढी मोठी दुर्बीण नव्हती. मदतनीसही देऊ केला आणि १३ जुलैला ३० अंश लांब, १० अंश रुंद पट्टा आखून दिला. २९ जुलैला काम सुरू झाले. चॅलिसकडे त्या भागाचा ताजा नकाशा नव्हता, म्हणून दर तारा नोंदायचा, पुन्हा नोंदायचा आणि मग ताडून कोण हलले ते पाहायचे, अशी रीत. ऑगस्टमध्ये नेपच्यून दोनदा त्याच्या नोंदीत आला, पण ताडून पाहणे मागे पडले. बर्लिनच्या गाले आणि दारे यांच्याकडे त्याच भागाचा नवा छापील नकाशा होता. नकाशात नसलेला ठिपका त्यांना पहिल्याच रात्री मिळाला. चॅलिसकडे नसलेला नकाशा आणि त्याची राहिलेली ताडणी सोडून एअरीच्या जेवणावर बोट ठेवणे हा अन्याय आहे.

‘अपराध झाकायला एअरीने फाइल गायब केली.’ नेपच्यूनची फाइल गहाळ झाली ती १९६० च्या दशकात, एअरीच्या मृत्यूनंतर ७० हून अधिक वर्षांनी. वेधशाळेत काम केलेले खगोलशास्त्रज्ञ ओलिन एगन यांच्या मृत्यूनंतर १९९८ मध्ये ती चिलीत त्यांच्या सामानात सापडली. आता ती केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. मधल्या काळात मूळ कागद पाहता येत नव्हते, म्हणून शंकाकुशंकांना जागा मिळाली. पण मुख्य पत्रे एअरीनेच १३ नोव्हेंबर १८४६ ला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत वाचून छापली होती.

एअरी निर्दोष होता असे नाही. ५ नोव्हेंबरनंतर त्याने अ‍ॅडम्सला आठवण केली नाही. २६ जूनच्या पत्रात ल व्हेरिएला अ‍ॅडम्सचे नावही कळवले नाही, आणि हे लपवणे मला सगळ्यांत जास्त खटकते. ल व्हेरिएने २८ जूनच्या उत्तरात शोध घेणार असाल तर नेमकी जागा कळवतो, असे म्हटले होते. एअरीने ती मागवली नाही आणि परदेशी निघून गेला. ल व्हेरिएने १८ सप्टेंबरला बर्लिनला गालेला लिहिले. पत्र २३ तारखेला पोचले आणि त्याच रात्री, सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत, ग्रह दिसला.