नदीचं काम टाकीत

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं. आता राहते दक्षिण जर्मनीत, जेमतेम सहा हजार वस्तीच्या गावात. परवा भावाशी फोनवर बोलताना पुन्हा इचलकरंजीच्या पाण्याचा विषय निघाला. शहर पंचगंगेच्या काठावर, पण पिण्यासाठी वारणेचं पाणी मागितलं तर दानोळीकरांनी विरोध केला. मग दूधगंगेतून, सुळकूडहून आणायचं ठरलं, तर तिकडची गावं उठली. त्या गावांचा राग मला कळतो आणि इचलकरंजीच्या बायकांची घागरही दिसते. पण दारातली नदी पिण्याजोगी का उरली नाही, हे या भांडणात कुणी विचारत नाही.

आमच्या इथल्या गावाचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र ओढ्याच्या कडेला आहे. एका रविवारी ते लोकांना पाहायला खुलं होतं, म्हणून मुलीला घेऊन गेले. आधी जाळ्या, मग वाळू आणि गाळ खाली बसायच्या टाक्या, आणि पुढे तपकिरी पाण्याची मोठी टाकी, तळातून हवा सोडल्यामुळे सतत खदखदणारी. खरं काम तिथे चालतं. सांडपाण्यातली घाण जिवाणू खातात आणि खाताना प्राणवायू वापरतात. हेच त्यांनी नदीत केलं की नदीतला प्राणवायू संपतो आणि मासे तोंड वर काढून तडफडतात. दर उन्हाळ्यात आपल्याकडे मेलेल्या माशांचा खच दिसतो, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. म्हणून नदीचं काम आधी टाकीत उरकायचं. १९१४ साली मँचेस्टरमध्ये मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. शेवटी लोहाचे क्षार घालून फॉस्फरस काढतात. तो पाण्यात राहिला की इथे शेवाळ माजतं, आपल्याकडे केंदाळ.

माहिती देणारा माणूस तिथला कर्मचारी होता. टाकीतला फेस आणि वास पाहून जिवाणूंची तब्येत कळते, असं तो म्हणाला. या कामासाठी इथे तीन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण असतं. शेजारपाजारच्या छोट्या केंद्रांचे लोक ठरावीक काळाने एकत्र बसतात, आपापले आकडे आणि अडचणी एकमेकांना दाखवतात. छोट्या गावाला तज्ज्ञ परवडत नाही, ही अडचण त्यांनी अशी सोडवली आहे. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

आपल्याकडची चर्चा मात्र किती कोटी आणि किती दशलक्ष लिटर एवढ्यावर थांबते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालात देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर आहे. उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३५. म्हणजे बांधलेल्यातलंही एक तृतीयांश कामी येत नाही. नियम ढिले आहेत म्हणावं, तर शुद्ध केलेल्या पाण्यात किती घाण चालेल याची आपली मर्यादा कागदावर युरोपच्या आसपासचीच आहे. केंद्रात सगळ्यात जास्त वीज हवा सोडणारे पंप खातात. बिल थकलं किंवा पंप बंद पडला की जिवाणू गुदमरतात आणि कोट्यवधींची टाकी नुसता हौद होते.

इथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यात उरलेल्या घाणीवरही गावाला सरकारकडे पैसे भरावे लागतात. १९८१पासून हा आकार आहे. केंद्र नीट चालवणं त्यामुळे स्वस्त पडतं. घराच्या सांडपाण्याचं बिल मीही भरते, आणि ते थोडं नसतं.

म्हणून जर्मनीच्या नद्या निर्मळ आहेत, असं मी म्हणणार नाही. परिसंस्थेच्या निकषांवर इथले दहा टक्केही जलप्रवाह चांगले ठरत नाहीत. शेतातली खतं वाहून येतात, सरळ केलेले प्रवाह मासे धरत नाहीत. जोराचा पाऊस झाला की जुन्या गटारांतलं पावसाचं आणि सांडपाण्याचं मिसळलेलं पाणी ओढ्यात जातंच. पण नळाच्या आणि संडासाच्या पाण्याचा प्रश्न यांनी बराचसा सोडवला आहे, आणि तो आपल्यालाही सोडवता येण्यासारखा आहे.

आपल्या छोट्या गावांना एवढी यंत्रंही लागणार नाहीत. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेने वनस्पतींच्या मुळांतून पाणी शुद्ध करणारी फायटोरिड पद्धत विकसित केली आहे. तिला वीज अगदी कमी लागते. पण तिथेही गाळ काढायला, वाढलेली झाडं कापायला कायमचा, पगारी माणूस हवाच. भावाला मी एवढंच सांगितलं, पुढच्या ग्रामसभेत नवीन योजना मागू नकोस, या माणसाचा पगार कुठल्या खात्यातून निघणार ते विचार.