डिकी उघडून बघा

‘क्रेटा आणि ग्रँड विटारा हायब्रिड यांची किंमत जवळपास सारखीच, म्हणून मायलेज बघून ठरवा’ हे या दोन गाड्यांची तुलना करणाऱ्या लेखातलं वाक्य पटलं नाही. हायब्रिड म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी गाडी; तिच्या मायलेजचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किमी आहे, आणि ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या रांगेत गाडी बॅटरीवर सरकते तेव्हा पेट्रोल खरंच वाचतं, हे मान्य. पण तीच बॅटरी डिकीच्या खाली बसते आणि सामानाची जागा खाते, याचा लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही. क्रेटाची डिकी ४३३ लिटरची आहे.

आम्ही घरात पाच जण, त्यात आईची घडीची व्हीलचेअर. दोन्ही शोरूमला आम्ही ती सोबतच नेली. हायब्रिडच्या डिकीत व्हीलचेअर ठेवल्यावर गणपतीला गावी जायच्या बॅगा कुठे ठेवायच्या, हाच प्रश्न उरला. मागची सीट पाडली तर माणसं कुठे बसणार? शेवटी क्रेटा घेतली. पेट्रोलचा खर्च जास्त येतो, पण दर महिन्याला आईला घेऊन आम्ही कासारवडवलीहून सगळे एकाच गाडीतून निघतो. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातलं सगळ्यात अवजड सामान सोबत न्याच!